आपण बराच वेळ निष्क्रिय आहात

रिकामटेकडं कोणाला म्हणावं, याबद्दल घरोघरी वेगळी मतं असतात. काही घरांत तर एकाच माणसाबद्दल दोन मतं असतात, आणि तो माणूस बहुधा जावई असतो. संगणकवाल्यांनी हा वाद केव्हाच निकालात काढला. मायक्रोसॉफ्टचं एएसपी, म्हणजे ॲक्टिव्ह सर्व्हर पेजेस, डिसेंबर १९९६मध्ये आलं आणि त्या घराण्यात एक आकडा रुजला : २० मिनिटं. तेवढ्या वेळात ज्याने सर्व्हरकडे एकही पान मागितलं नाही तो निष्क्रिय, त्याचं सेशन संपलं, त्याने पुन्हा लॉग-इन करून आत यावं. पुढे डॉटनेट आलं, त्यानेही ही वडिलार्जित २० मिनिटं तशीच चालवली. जावावाल्यांच्या टॉमकॅटने ३० धरली. पीएचपीने मात्र सेकंदांत हिशेब मांडला : १४४०.

हा १४४०चा आकडा पाहून बहुतेक प्रोग्रॅमर 'दिवसाची मिनिटं दिसतायत' असं म्हणून पुढे जातात. पण ही मिनिटं नव्हेत, सेकंद आहेत. १४४० सेकंद म्हणजे २४ मिनिटं, आणि २४ मिनिटं म्हणजे बरोब्बर एक घटका. पीएचपीचा मूळपुरुष रासमुस लेरडॉर्फ ग्रीनलंडमध्ये जन्मलेला. जिच्यात सेशनची सोय आली त्या २०००च्या चौथ्या आवृत्तीचं इंजिन लिहिणारे झीव सुरास्की आणि अँडी गटमन्स इस्रायलचे. यांच्यापैकी कुणी दाते पंचांग उघडलं असेल असं वाटत नाही. तरी आकडा बसला तो असा! पूर्वी लग्नात मुहूर्त साधायला घंगाळात पाणी भरून त्यावर बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी सोडत. ती भरून बुडाली की एक घटका झाली. पीएचपीचं सेशन हे अगदी असंच घटिकापात्र आहे, फक्त तुम्ही एखादं पान मागितलंत की वाटीतलं पाणी ओतून ती रिकामी पुन्हा पाण्यावर सोडली जाते.

आणखी एक फरक आहे. घटिकापात्राशेजारी एक माणूस नजर लावून बसलेला असे. पीएचपीत कुणीच बसलेलं नसतं. मुदत उलटलेली सेशनं झाडून काढायचं काम तिथे चक्क सोडतीवर चालतं. मूळ मांडणीत, सेशन उघडणाऱ्या सरासरी शंभर विनंत्यांपैकी एकीच्या वाट्याला ही झाडलोट येते. म्हणजे गर्दीच्या संकेतस्थळावर तुमची घटका वेळच्या वेळी भरते, आणि जिथे दिवसभरात चारच माणसं फिरकतात तिथे तुम्ही मुदत संपलेल्या सेशनवर संध्याकाळपर्यंत सुखाने नांदू शकता. तुमचा शेवट तुमच्या वागण्यावर अवलंबून नाही. भलत्याच गावचा भलताच माणूस पान उघडतो, सोडत त्याला लागते आणि जाता तुम्ही. डेबियन लिनक्सवाल्यांना हा जुगार पटला नाही. त्यांनी सोडत बंद करून ठरावीक वेळाने आपोआप चालणारी सफाई लावून दिली. उत्तरेकडच्या थंड देशांतल्या लोकांचा त्यात हात असावा, असा आपला माझा समज.

मुळात सर्व्हरला असं घड्याळ लावून बसावं लागतं, कारण त्याला काही म्हणजे काही आठवत नाही. टिम बर्नर्स-ली यांनी सर्नमध्ये वेबची आखणी केली ती शास्त्रज्ञांना एकमेकांचे कागद वाचता यावेत म्हणून. कागद मागितला, दिला, विषय संपला. पुढच्या क्षणी त्याच माणसाने दुसरा कागद मागितला तरी सर्व्हरच्या लेखी तो परका. वाचण्यापुरतं हे ठीक होतं. मग लोकांना वेबवर दुकानं थाटायचं सुचलं, आणि गिऱ्हाइकाने पुस्तक निवडून पैसे द्यायच्या पानावर जावं, तर तिथे त्याला कुणी ओळखेना. १९९४मध्ये नेटस्केपच्या लू मॉन्टुली यांनी यावर तोड काढली. सर्व्हरने ब्राउझरच्या हातात एक चिठ्ठी द्यायची आणि ब्राउझरने दर वेळी ती दाखवायची. हीच ती कुकी. तिच्यावर नुसता एक लांबलचक क्रमांक असतो. त्या क्रमांकाचा माणूस कोण, त्याने काय निवडलं, कुठवर आला, हे सगळं सर्व्हर आपल्याकडे सांभाळून ठेवतो. या सांभाळण्याला सेशन म्हणतात.

सांभाळायला हरकत नव्हती, पण किती वेळ? गेलेला माणूस सांगून जात नाही. ब्राउझर बंद केला, वीज गेली, मांजर कीबोर्डवरून चाललं, यातलं काहीही सर्व्हरला कळत नाही. लॉग-आउटचं बटण दाबणारी माणसं मी पाहिली आहेत, पण ती पंखा बंद करून खोलीबाहेर पडणाऱ्यांपैकी असतात, त्यांच्यावर धोरण आखता येत नाही. त्यातून त्या काळी सर्व्हरची स्मृती मेगाबाइटांत मोजत. एएसपी तर प्रत्येक पाहुण्याचं बिऱ्हाड त्याच स्मृतीत मांडायचं. कुठेतरी रेघ ओढणं भागच होतं.

सुरक्षिततेचं कारणही खरं आहे, थट्टेवारी नेण्यासारखं नाही. २०००च्या आसपास आपल्याकडे गल्लोगल्ली सायबर कॅफे होते, तासावर पैसे घेणारे, प्लायवूडचे कप्पे केलेले. कप्प्यात जाऊन बसावं तर आधीच्या गिऱ्हाइकाची मेल उघडीच. सज्जन माणूस दोनच पत्रं वाचून बंद करी. त्या कॅफेत कुणाचं बँकेचं पान उघडं राहिलं असतं तर २० मिनिटंसुद्धा जास्तच होती.

घोळ होतो तो निष्क्रियतेच्या मोजमापात. सर्व्हरला फक्त विनंती दिसते, म्हणजे पान मागणं किंवा फॉर्म धाडणं. दोन विनंत्यांमध्ये तुम्ही काय करता हे त्याला दिसत नाही, म्हणून तो असं धरून चालतो की तुम्ही काहीच करत नाही. आणि नेमकी तीच वेळ असते जेव्हा माणूस सर्वांत जास्त राबत असतो. समोर एकाच पानावर पसरलेला अर्ज आहे. 'आईचे नाव (आधार कार्डाप्रमाणे)', म्हणून आधार कार्ड शोधायला कपाट उघडलंय. कपाटातून आधार कार्ड सोडून सगळं निघालंय. उत्पन्नाच्या दाखल्याचा क्रमांक शिक्क्याखाली गेलाय, म्हणून तो कागद खिडकीशी उजेडात धरलाय. फोटो २० ते ५० केबीतच हवा, आपला चार एमबीचा आहे, तो लहान करता करता चेहरा ओळखू येईनासा झालाय, तरी अजून ५३ केबी आहे. हा सगळा खटाटोप सर्व्हरच्या दप्तरी निष्क्रियता म्हणून जमा होतो. त्याच वेळी शेजारचा मुलगा निकाल लागला का ते बघायला एकच पान दर दोन सेकंदांनी रिफ्रेश करत लोळत पडलेला असतो. तो दप्तरी अत्यंत कामसू.

त्यात ओटीपी. आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त काकांच्या खात्याला मोबाइल क्रमांक जोडलाय तो नागपूरच्या मुलीचा. 'माझ्याकडे काय, मी विसरतो' हे त्यामागचं कारण. अर्ज भरताना काका फोन कानाला लावतात.

"अगं, ओटीपी आला का?"

"बाबा, तीन आलेत. कुठला सांगू?"

"शेवटचा."

"शेवटचा पिझ्झावाल्याचा आहे."

"पिझ्झा? आज काय आहे?"

"काही नाही. यांनी मागवलाय."

"कोलेस्टेरॉल वाढलंय ना त्यांचं? परवा तूच सांगत होतीस."

"बाबा, ओटीपी घ्या आधी. चार, सात..."

"थांब, पेन घेतो. आणि त्यांना सांग, ओट्स खात जा म्हणावं. थांब, तुझी आई बोलत्येय."

आई बोलून होईपर्यंत पिझ्झा पोहोचलेला असतो आणि काकांच्या पडद्यावर सोज्ज्वळ निळ्या चौकटीत मजकूर आलेला असतो : आपण बराच वेळ निष्क्रिय असल्यामुळे, आपल्या सुरक्षिततेसाठी, आपले सत्र समाप्त करण्यात आले आहे. कोणी समाप्त केलं ते त्यात नसतं. 'करण्यात आले आहे' या प्रयोगाला कर्ता लागत नाही, ही सरकारी मराठीची फार मोठी सोय आहे.

काकांना निदान चौकट तरी दिसली. जुन्या सर्व्हर-स्क्रिप्टवाल्या संकेतस्थळांवर तीही दिसत नाही. तिथे पडदा शांत असतो, फॉर्म तुमच्यासमोर असतो, तुम्ही शेवटचा रकाना भरता, डोळ्यांखालून घालता, देवाचं नाव घेऊन 'सबमिट' दाबता आणि लॉग-इनचं कोरं पान उघडतं. लोकांना वाटतं, फॉर्म वाटेत हरवला. तो हरवत नाही. यामागची हकिगत धंद्यातल्या माणसाने सांगायला हवी, म्हणून सांगतो. तुमचा फॉर्म सर्व्हरपर्यंत अख्खाच्या अख्खा पोहोचतो. आईच्या नावासकट, ५० केबीच्या फोटोसकट. पण प्रत्येक पानाच्या डोक्यावर एक दोन ओळींची तपासणी चिकटवलेली असते : सेशनमध्ये वापरकर्त्याचं नाव आहे का? नसेल तर लॉग-इनकडे धाडा. ही तपासणी आधी चालते, फॉर्म वाचण्याचं काम तिच्या खाली असतं, आणि खालपर्यंत कुणी जातच नाही. पाऊण तासाची मेहनत सर्व्हरच्या हातात पडलेली असते. तो ती न वाचता टाकून देतो आणि विचारतो, आपण कोण?

या दोन ओळी लिहिणारा दुष्ट नसतो. त्याला सांगितलेलं असतं की अनोळखी माणसाला आत घ्यायचं नाही, आणि तो घेत नाही. आलेला मजकूर बाजूला जपून ठेवावा, लॉग-इन झाल्यावर त्याच माणसाला त्याच पानावर नेऊन तो पुन्हा भरून द्यावा, हे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. पण ते कामाच्या यादीत कधीच लिहिलेलं नसतं, कारण यादी करणाऱ्याने तो फॉर्म स्वतः कधी भरलेला नसतो. त्याने भरला असेल तर चाचणीपुरता : नाव 'टेस्ट', आडनाव 'टेस्ट', पत्ता 'एएसडीएफ'. याला चार सेकंद लागतात. त्या फॉर्मला २० मिनिटं द्यायची म्हणजे त्याला उधळपट्टीच वाटते.

एएसपीत सेशन संपताना शेवटचं काहीतरी करायची मुभा होती. त्यासाठी एक खास जागा नेमून दिली होती. मला ती कल्पना फार आवडली होती. वाटलं, इथे दोन शब्द लिहू, म्हणू 'बराय, पुन्हा या'. मग पुस्तकात वाचलं की त्या जागेवरून ब्राउझरला काहीही पाठवता येत नाही. बरोबरच आहे, पलीकडे कुणी मागणी करून थांबलेलंच नसतं तर उत्तर पाठवणार कुणाला? निरोपाचं भाषण करायची परवानगी आहे, फक्त मांडवात माणूस नाही.

बरं, तुम्ही अखंड बटणं दाबत राहिलात म्हणजे सुटलात असंही नाही. विंडोजच्या सर्व्हरवर ज्या डब्यात हे सगळं चालतं, तो मूळ मांडणीत दर १७४० मिनिटांनी आपला आपण नव्याने सुरू होतो आणि स्मृतीतली सगळी सेशनं जातात. कामसू, आळशी, सगळ्यांची. १७४० मिनिटं म्हणजे २९ तास. २९च का? तर २४नंतरची ती पहिली मूळ संख्या, म्हणजे रोज एकाच वेळी लोकांवर ही पाळी येत नाही. यातला विचार उदात्त आहे. आज अकरा वाजता तुम्ही गेलात तर उद्या त्या वेळी जाणार नाही. उद्या संध्याकाळी चार वाजता दुसरं कुणीतरी.

माणसं यावर उपाय काढतातच. प्रोग्रॅमर पानात एक छोटी जावास्क्रिप्ट घालतात, ती दर काही मिनिटांनी सर्व्हरला गुपचूप खडा मारते : आहे, आहे, माणूस आहे. माणूस घोरत असला तरी आहे. म्हणजे आधी एका प्रोग्रॅमरला पगार देऊन मुदत घालून घ्यायची, मग दुसऱ्याला पगार देऊन ती कधीच संपू नये अशी व्यवस्था करून घ्यायची. काउंटरवरच्या माणसांना प्रोग्रॅमरची वाट बघायला वेळ नसतो. ती चहाला उठताना एफ-फाइव्हच्या बटणावर स्टेपलर ठेवून जातात. त्या दहा मिनिटांत तो स्टेपलर इतक्या विनंत्या पाठवतो की सर्व्हरच्या नोंदी वाचणाऱ्याला वाटावं, या शाखेला तोड नाही. अमेरिकेत हा प्रकार अंगाशी आला. २०२४मध्ये वेल्स फार्गो बँकेने, कीबोर्ड चालू असल्याचं सोंग केल्याच्या आरोपावरून डझनाहून जास्त लोकांना घरी पाठवल्याच्या बातम्या आल्या. त्यातले किती जण त्या वेळात खरोखर काम करत होते, म्हणजे वाचत होते, विचार करत होते, हे मोजणारं यंत्र मात्र अजून बाजारात नाही.

इशारा देणारी चौकटसुद्धा सरळ नाही. 'आपल्याकडे २ मिनिटे शिल्लक आहेत' असं म्हणणारं उलटं घड्याळ ब्राउझरमध्ये चालतं, खरं घड्याळ सर्व्हरवर. लॅपटॉप मिटून तुम्ही जेवायला गेलात की ब्राउझरचं घड्याळ झोपतं, सर्व्हरचं झोपत नाही. आमटीभात, ताक, थोडं आडवं होणं, एवढं सगळं आटोपून झाकण उघडावं तर पडद्यावर अजून १ मिनिट ५२ सेकंद शिल्लक. इतकी मनमिळाऊ वेळ दुसरीकडे कुठे भेटायची नाही.

जगात याबाबत नियम आहेत आणि ते वाचनीय आहेत. वेब सर्वांना वापरता यावं म्हणून २००८मध्ये पक्क्या झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत एक पर्याय असा दिलाय की मुदत संपण्याआधी सूचना द्यावी, ती वाढवून घ्यायला किमान २० सेकंद द्यावेत, स्पेस बार दाबण्यासारख्या साध्या कृतीने ती वाढावी आणि अशी किमान दहा वेळा वाढवता यावी. ज्याने हे लिहिलं त्याला कधीतरी हात थरथरणारा, डोळ्यांना कमी दिसणारा माणूस फॉर्म भरताना दिसला असणार. दुसऱ्या बाजूला सुरक्षावाले. त्यांच्या ओवास्प या संस्थेची शिफारस : मोलाचा व्यवहार असेल तर २ ते ५ मिनिटं, जोखीम कमी असेल तर १५ ते ३०. कार्डांच्या व्यवहारांची सुरक्षा ठरवणाऱ्या पीसीआयने १५ मिनिटांची रेघ ओढली आहे. हे सगळं एका टेबलावर आणायचं आणि एक आकडा काढायचा, यासाठी मीटिंग घ्यावी लागते.

अशा एका मीटिंगला मी होतो. पतसंस्थेची होती, नाव सांगत नाही, ठेवी सुरक्षित आहेत. ऑडिटर म्हणाले, ५ मिनिटं. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, पाच मिनिटांत आमच्याकडे आजोबांचा चष्मा निघत नाही. एक संचालक म्हणाले, मुदतच कशाला हवी, सगळे आपलेच सभासद आहेत. ऑडिटरांनी त्यांच्याकडे बघितलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. मी सांगितलं की १५ ठेवा, पण अर्धा भरलेला अर्ज आपोआप जतन होऊ द्या आणि परत लॉग-इन केल्यावर माणसाला होता तिथे आणून सोडा. तेही सर्व्हरवर जतन करा, ब्राउझरमध्ये नको, नाहीतर सेतू केंद्रातल्या संगणकावर एकाचा आधार क्रमांक दुसऱ्याला दिसायचा. सगळ्यांना पटलं. चांगलं पटलं. मग खजिनदारांनी विचारलं, याचे वेगळे पैसे पडतील का? पडतील म्हटल्यावर सगळे बटाटेवड्याकडे वळले.

शेवटी सचिवांनी तोंड पुसत विचारलं, "सध्या किती आहे?"

"वीस."

"कोणी ठेवली?"

"कोणीच नाही. सर्व्हरबरोबर ती येतेच."

"म्हणजे कोणाची सही नाही?"

"नाही."

"मग वीसच असू द्या," सचिव म्हणाले. "जे कोणी ठरवलेलं नाही त्याबद्दल सर्वसाधारण सभेत कोणाला जाब विचारता येत नाही."

ठराव एकमताने झाला. सोबत अर्जाच्या वर लाल अक्षरांत सरकती पट्टी टाकायचं ठरलं : 'अर्ज भरण्यापूर्वी खालील सूचना काळजीपूर्वक वाचाव्यात.' सूचना सतरा होत्या, त्यातल्या काहींना पोटकलमं. ऑडिटरांनी आणखी दोन सुचवल्या. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं की सूचना वाचायला लागणारा वेळ वीस मिनिटांतच धरायचा की वेगळा.

ऑडिटर क्षणभर थांबले. "वाचताना काही दाबावं लागतं का?"

"नाही."

"मग वीस मिनिटांतच."